जुन्या पुण्याच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या स्त्रिया कोणत्या, आणि त्यांच्या खुणा आज कुठे दिसतात?

सुरुवात जिजाबाईंपासूनच करावी लागते. 1630 मध्ये आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला. त्या उजाड गावात जिजाबाई शिवरायांसह राहायला आल्या आणि दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीत वस्ती पुन्हा उभी राहिली. नांगर फिरलेल्या जमिनीवर सोन्याच्या फाळाने नांगरणी करवली, असं परंपरा सांगते. कसबा गणपतीचं देऊळही परंपरेने जिजाबाईंच्याच नावावर आहे. शेजारचा लाल महाल, म्हणजे जिजाबाई-शिवरायांचा राहता वाडा, मात्र मूळचा नाही. मूळ वास्तू कधीच गेली, आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे. तिथली दारं-खिडक्या पाहून शिवकालाचे अंदाज बांधू नका, इथेच बहुतेकांची गफलत होते.

पेशवाईत मस्तानी, पहिल्या बाजीरावांची पत्नी. शनिवारवाड्याला तिच्या नावाचा दरवाजा आहे, पण तिचा महाल वाड्यात शोधू नका. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष राजा दिनकर केळकर संग्रहालयात, शुक्रवार पेठेत, पुन्हा उभारलेले आहेत. कबर पाबळला. गोपिकाबाई (नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी) आणि आनंदीबाई (रघुनाथरावांच्या पत्नी) राजकारणात मुरलेल्या. 30 ऑगस्ट 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर आनंदीबाईंचं नाव लोकांच्या तोंडी कायमचं बसलं, त्यात दंतकथाही भरपूर मिसळल्यात.

‘जुनं’ हा शब्द थोडा सैल धरला, तर बुधवार पेठेतला भिडेवाडा: 1848, सावित्रीबाई फुले, मुलींची शाळा. जुनी इमारत मात्र 2023 मध्ये पाडली गेली.

लाल महाल, कसबा, शनिवारवाडा सलग पायी होतात. संग्रहालयाला वेगळा वेळ ठेवा.