पहिली निवड : पिचर की हिटर?

प्रश्न : ऑनलाइन बेसबॉल मॅनेजमेंट गेममध्ये नवोदित खेळाडूंचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणे) आहे. माझी निवड चौथी. सारख्याच क्षमतेचे पिचर (चेंडू टाकणारा) आणि हिटर (फलंदाज) समोर असतील तर कोण घ्यावा?

उत्तर : हिटर घ्या. १६२ सामन्यांच्या मोसमात नियमित हिटर दीडशेच्या आसपास सामने खेळतो. स्टार्टिंग पिचरची (सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरची) पाळी पाचव्या दिवशी येते, म्हणजे जेमतेम ३२-३३ सामने. त्यात कोपराच्या दुखापतीचा धोका. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या फाटलेल्या अस्थिबंधाची) झाली, की पिचर वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ बाहेर. खरा बेसबॉल जवळून उतरवणाऱ्या गेममध्ये हा धोका आकड्यांत धरलेला असतो.

मात्र हिटर म्हणजे कोणताही हिटर नव्हे! शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), कॅचर (यष्टिरक्षकासारखा) आणि सेंटर फील्डर (मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभा राहणारा) या जागांवरचे चांगले हिटर दुर्मीळ. उत्तम फलंदाजी करणारा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक) ड्राफ्टच्या पुढच्या फेऱ्यांतही सापडतो. नुसती ताकद बघू नका. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) फार आणि वॉक (चार खराब चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) कमी असलेला तरुण वरच्या पातळीवर बरेचदा अडखळतो.

पिचर उघडपणे सरस असेल तर जरूर घ्या, पण आधी त्याच्या चेंडूंचे प्रकार मोजा. किमान तीन भरवशाचे प्रकार आणि चांगला स्टॅमिना हवा. दोनच असतील तर त्याच सामन्यात दुसऱ्या-तिसऱ्यांदा समोर आलेले फलंदाज त्याला ओळखतात आणि तो बरेचदा शेवटी रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर) होतो. रिलीव्हरवर चौथी निवड खर्च करणे आम्हाला अजिबात पटत नाही. मोसमात त्याच्या वाट्याला साधारण ६०-७० डावच येतात.