कानबाईला आलेलं मूल आणि ह्यूस्टनचं कोर्ट

प्रश्न : ताई, मी यावल तालुक्यातली. लग्नानंतर ह्यूस्टनला आले. मुलगा सहा वर्षांचा, जन्म तिथलाच, पासपोर्ट अमेरिकेचा. माझा व्हिसा एच-४, म्हणजे सगळं नवऱ्याच्या नोकरीवर. घरात रोजची भांडणं आहेत. शाळेतल्या बाईंनीही मुलाला एकदा घरच्याबद्दल विचारलं होतं. यंदा श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाईच्या सणासाठी माहेरी यायचं आहे, जाण्यायेण्याची तिकिटं नवऱ्यानंच काढलीत. आई म्हणते, "आली का परत जाऊ नको, जळगावच्या कोर्टात अर्ज टाकू, पोरगं मायचंच राह्यते." काका म्हणतात, आधी समाजाच्या चार माणसांत बसू. मी काय करू? आणि मी थांबले तर म्हाताऱ्या आईबाबांना कोर्टात उभं राहावं लागेल का?

उत्तर : तुमच्या आईची माया मला कळते. लेक अडचणीत असली तर तिला घरात घ्यायचं, पुढचं पुढं बघू, हीच आपल्याकडची रीत आहे. पण "पोरगं मायचंच" असं कायदा म्हणत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं म्हटलं आहे. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वोच्च. ते हित बघताना आईचा हक्क आणि बापाचा हक्क, दोन्ही मागं पडतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातही मुलाचं वय, पालकाचं वागणं, नातं आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा, हे सगळं पाहायला सांगितलं आहे.

आता जळगावच्या अर्जाचं बोलू. १८९० च्या कायद्याचं कलम ९ विचारतं की मूल सामान्यतः कुठं राहतं. जिथं राहतं तिथल्या कोर्टात अर्ज चालतो. कानबाईच्या रोटांसाठी तीन आठवडे आजोळी आलेलं मूल यावलचं रहिवासी होत नाही. टेक्सासमधल्या बहुतेक शाळा ऑगस्टमध्ये उघडतात आणि कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे जवळपास त्याच दिवसांत. परतीच्या तिकिटाची तारीख गेली, शाळेत गैरहजेरी लागली, की तुमचे पती तीच दोन कागदं घेऊन वकिलाकडे जातील. त्या दिवसापासून कागदोपत्री तुम्ही सणाला आलेली माहेरवाशीण राहत नाही. बापाच्या संमतीशिवाय मूल ठेवून घेणारी आई अशीच तुमची नोंद होते.

टेक्सासचा नियम असा की मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिलं ते त्याचं 'होम स्टेट'. मूल तिथून निघालं तरी एक पालक तिथं राहत असेल, तर निघाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो तिथल्या कोर्टात ताब्याचा दावा लावू शकतो. थोड्या दिवसांची सुट्टी या हिशेबातून वजा होत नाही. म्हणजे तुम्ही जळगावला अर्ज टाकलात तरी ह्यूस्टनचं कोर्ट आपला अधिकार सोडणार नाही. बहुधा तुम्ही नसताना तिथं हुकूम होईल, आणि तो नवऱ्याच्या बाजूनं होईल, कारण तिथं बोलायला तोच असेल.

इथं कोणीतरी सांगतंच, "भारत त्या हेग करारात नाही, इथं कोणी हात लावू शकत नाही." अर्धं खरं आहे हे, आणि या अर्ध्या खऱ्यावर मी घरं मोडताना पाहिली आहेत. एका पालकानं दुसऱ्याच्या संमतीशिवाय परदेशी नेलेल्या मुलांबद्दलचा हा १९८० चा करार, त्यात शंभरहून अधिक देश आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जर्मनी, सिंगापूर, न्यूझीलंड त्यात आहेत. भारत आणि संयुक्त अरब अमिराती नाहीत. करारातल्या दोन देशांमध्ये मूल नेलं गेलं तर कोर्ट ताबा कोणाला द्यायचा हे ठरवत बसत नाही. ते कोणत्या देशाच्या कोर्टानं ठरवायचं एवढंच बघतं आणि मूल सहसा परत पाठवतं. सहा आठवड्यांत निकाल लागावा अशी अपेक्षा असते. परतीनं मुलाला गंभीर धोका असेल, किंवा वर्ष उलटून मूल नव्या जागी रुळलं असेल, तर अपवाद करता येतो. आपल्या विधी आयोगानं २००९ आणि २०१६ मध्ये अहवाल दिले, मसुदाही झाला, पण भारत करारात आला नाही.

म्हणून इथलं कोर्ट करारानं बांधलेलं नाही. पण ते हात बांधून बसलेलंही नाही. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिशिगनमधून बापानं पुण्याला आणलेला मुलगा आईकडे परत पाठवला. १९९७ मध्ये मात्र तान्हं असताना आणलेलं आणि बारा वर्षं इथं वाढलेलं मूल आईकडेच ठेवलं. २०१५ मध्ये परदेशी कोर्टाच्या हुकुमाला मोठं वजन देणारा निकाल आला. जुलै २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो दुरुस्त केला. परदेशी हुकूम हा विचारात घेण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक आहे, शेवटी मुलाचं हितच बघायचं, असं त्या पीठानं म्हटलं. हा निकाल हातात घेऊन लोक समजतात की इथं आणलं की जिंकलं. पण त्याच्या नंतरही २०१९, २०२० आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलं अमेरिकेला परत पाठवली आहेत. सहा वर्षांचा, अमेरिकेत जन्मलेला, तिथं शाळेत जाणारा, इथं येऊन काही आठवडे झालेला मुलगा असेल, तर पारडं कुठं झुकेल हे मी तुम्हाला गोड शब्दांत सांगणार नाही.

व्यवहारात हे असं घडतं. पती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका लावतात, म्हणजेच हेबियस कॉर्पस. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. मूल आईजवळ असताना असली याचिका कशी चालते, असं लोक विचारतात. चालते. न्यायालय मुलाला हजर करायला सांगतं, कित्येकदा न्यायमूर्ती आपल्या दालनात त्याच्याशी एकटे बोलतात. मग एक तर थोडक्यात चौकशी करून मूल परत पाठवतात, नाहीतर हिताची सविस्तर तपासणी करतात. मूल किती दिवसांपूर्वी आलं, कोणत्या भाषेत शिकतं, तब्येत कशी, कोणाला चिकटलेलं आहे, हे सगळं त्यात येतं.

काही वकील सांगतील, वेळ काढा, मूल इथं रुळलं की कोर्ट हलवत नाही. हा सल्ला मला मान्य नाही. १९९७ च्या निकालासारखी उदाहरणं आहेत, हे खरं. पण वेळ काढायचा म्हणजे त्या पोरानं दीड-दोन वर्षं बापाचं तोंड न पाहता काढायची, आणि हरलात तर इथं जमलेली शाळा, मित्र, आजी पुन्हा तोडायचे. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मुलाला दोन्ही पालकांच्या मायेचा हक्क आहे आणि वेगळ्या देशात असलेल्या पालकाला निदान व्हिडिओ कॉलवर तरी भेट मिळालीच पाहिजे. जी आई स्वतःहून रोजचा कॉल लावून देते, तिच्या हाती कोर्टात मोठी गोष्ट असते.

आता एक विचारते, आणि याचं उत्तर मला नाही तर स्वतःला द्या. तुम्ही 'भांडणं' लिहिलंय. हात उचलतो का? उपाशी ठेवणं, पासपोर्ट लपवणं, मुलासमोर धमक्या देणं, यातलं काही आहे का? असेल तर सगळा हिशेब बदलतो. तिथंच पोलिसांत नोंद करा, टेक्सासच्या कोर्टातून संरक्षण आदेश मागा. ह्यूस्टनमध्ये 'दया' ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी संस्था आहे, न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' आहे. अमेरिकेचा १९९३ चा कायदा पालकाच्या हक्कात आडकाठी आणण्यासाठी मूल देशाबाहेर नेणं किंवा ठेवणं गुन्हा ठरवतो, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण घरगुती हिंसेपासून पळ काढला हा बचाव त्यात मान्य आहे. तो बचाव सिद्ध व्हायला कागद लागतो : पोलिसांचा अहवाल, डॉक्टरांची नोंद, मेसेज. व्हिसाचा आधार तुटेल ही भीती खरी आहे, पण गुन्ह्याला बळी पडून पोलिसांना मदत करणाऱ्यांसाठी 'यू' व्हिसाची वाट आहे, त्यासाठी तिथला इमिग्रेशन वकील गाठा. आणि जिवावरच बेतलं असेल तर आधी मुलाला घेऊन सुरक्षित जागी जा. कायद्याचं मागून पाहू.

हिंसा नसेल आणि संसार खरंच संपला असेल, तर माझं म्हणणं स्पष्ट आहे. दावा ह्यूस्टनमध्ये लावा, मुलासह भारतात राहण्याची परवानगी तिथंच मागा. सहमती झाली तर ती तिथल्या कोर्टाच्या हुकुमात उतरवून घ्या. काकांची चार माणसांची बैठक वाईट नाही. दोन्हीकडच्या थोरांनी रागावर पाणी टाकलं तर उत्तमच, आमच्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यातही आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगितलं आहे. पण बैठकीत स्टॅम्प पेपरवर लिहिलेला ताबा ना ह्यूस्टनला चालतो, ना औरंगाबादला. बैठकीत जे ठरेल ते कोर्टातून पक्कं करा. घटस्फोटाचंही लक्षात ठेवा : हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावर एकतर्फी घेतलेला अमेरिकेचा घटस्फोट १९९१ च्या निकालानुसार इथं मानला जात नाही.

आणि समजा, पुढं मूल परत पाठवायचाच हुकूम झाला, तरी तुम्ही रिकाम्या हातानं जात नाही. अशा हुकुमांना अटी घालतात : आईचं तिकीट, तिथं राहायची जागा, खर्च, तिच्यावरचं वॉरंट मागं घेण्यासाठी बापानं प्रयत्न करणं. दोन्ही देशांत सारखाच हुकूम असावा म्हणून 'मिरर ऑर्डर' मागता येते. केनियातल्या बापाला २०२० मध्ये याच अटीवर ताबा मिळाला होता. त्यानं अटी पाळल्या नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो हुकूमच मागं घेतला. आईला स्वतःला परत जायची सक्ती मात्र कोर्ट करत नाही, मुलाबरोबर जायचं की नाही हे तिच्यावर सोडतात.

शाळेतल्या बाईंनी विचारलं, ते हलक्यात घेऊ नका. टेक्सासमध्ये मुलाला घरी त्रास होतो असा शिक्षकाला संशय आला तर तो सरकारला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. हे युरोपात राहणाऱ्या वाचकांसाठीही लिहिते. मुलाला चापट मारणं स्वीडनमध्ये १९७९ पासून, नॉर्वेत १९८७ पासून, जर्मनीत २००० पासून, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून बेकायदा आहे. आपल्या घरी पाठीत धपाटा बसतो तो शिस्त म्हणून, तिथं तो बालसंरक्षणाच्या फाइलचा पहिला कागद होतो. नॉर्वेच्या स्टाव्हान्गरमध्ये २०११ साली एका भारतीय कुटुंबाची दोन मुलं सरकारनं घेतली. ती २०१२ मध्ये काकाकडे आणि शेवटी, बरीच झुंज दिल्यावर, आईकडे आली. अशी वेळ आली तर अधिकाऱ्यावर आरडाओरडा करू नका, दुभाषी मागा, त्याच दिवशी वकील घ्या आणि भारतीय दूतावासाला कळवा. भारतीय नागरिक असलेल्या मुलासाठी पालक नेमायची वेळ आली तर दूतावासाला कळवायची तरतूद १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. आणि आजी, मावशी, आत्या यांची यादी तयार ठेवा, कारण मुलाला परक्या घरी पाठवण्याआधी नातलगांचा विचार व्हावा असं मागता येतं.

यंदाच्या प्रवासाबद्दल. आलात तर परतीच्या तारखेसह नवऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र घेऊन या आणि तारखेला परत जा. मुक्काम लांबवायचा असेल तर त्याच्याकडून ईमेलवर होकार घ्या, फोनवरचा चालत नाही. मुलाचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) किंवा व्हिसा संपलेला नसावा, नाहीतर निघताना परवानगीसाठी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात खेटे पडतात. राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय प्रकरणांसाठी वेगळा कक्ष आहे, नवऱ्यानं टाकलं किंवा कागद अडवले तर तिथं तक्रार करता येते.

आईबाबांबद्दल विचारलंत. होय, उभं राहावं लागू शकतं. मूल त्यांच्या घरात असलं तर याचिकेत त्यांचीही नावं घालतात, नोटीस घेऊन पोलीस घरी येतात, आणि यावलहून औरंगाबादच्या तारखा त्यांना झेपतात का हे तुम्हीच जाणता. नोटीस आली तर मुलाला मामाकडे, मावशीकडे लपवू नये, "इथं नाही" असं खोटं सांगू नये. त्यानं सगळी बाजू खराब होते. मुलाला "पप्पा वाईट आहेत, साहेबांना असं सांग" असं पढवू नये, दालनात सहा वर्षांचं पोर आपल्याला कोणी पढवलं ते दोन मिनिटांत सांगून टाकतं. आणि आईबाबांना आजच सगळं सांगा, भांडण कशावरून आहे तेसुद्धा. त्यांना प्रतिज्ञापत्रावर सही करायची वेळ आली, तर त्यात काय लिहिलंय हे त्यांना आधीपासून ठाऊक असायला हवं.