जुनं ड्रिल घेताना

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुनं ड्रिल दिसलं की लगेच पाकीट काढू नकोस. आधी नेमप्लेट वाच. ११० व्होल्टचं मशीन आपल्या २३० च्या प्लगला लावलंस तर धूरच निघेल (माझं एक असंच गेलं). मग कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा कार्बनचा ठोकळा) टोपी उघडून टॉर्चने कम्युटेटर बघ, म्हणजे ब्रश ज्यावर घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग. एकसारखा तपकिरी असेल तर उत्तम. काळे चट्टे, जळका वास असेल तर भाव पाड नाहीतर सोड. रबरी वायर वाकवली की भुगा पडतो, ती बदल. लोखंडी बॉडीला अर्थिंग हवंच. आणि पॉलिश पेपर मारून चकाचक करू नकोस रे! पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका, याचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला १९१७ साली मिळालं. कोणाच्या तरी हाताने गुळगुळीत झालेली ती मूठ तशीच राहू दे. ब्रश शोधायला नागदेवी स्ट्रीटला जाशील तेव्हा जुना नमुना खिशात ठेव.