जुनी महिंद्रा एफसी-150 पिकअप घरी पूर्ववत करताना सुरुवात कुठून करावी?

अनेक वर्षे उभी असलेली पेट्रोलवरची एफसी-150 घरच्या घरी पूर्ववत करता येते. मात्र आल्या आल्या इंजिन चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. प्रथम आरसी बुक पाहावे, कारण 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या वाहनांना मिळणारी व्हिंटेज नोंदणी केवळ खासगी वापराच्या वाहनांसाठी आहे आणि अनेक पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेल्या असतात. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा, अशीही त्यात अट असल्याने डिझेल इंजिन बसवण्याचा मेस्त्रीचा सल्ला (तो मिळतोच) लगेच मानू नये.

त्यानंतर चासीकडे वळावे. रंगाखालचा गंज दिसत नाही, म्हणून स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहावे. भुगा पडला, तर पेट्रोलची टाकी आधी उतरवून तेवढा भाग जाणकार वेल्डरकडून बदलून घ्यावा, कारण पुट्टीने तेथे भागत नाही.

या गाडीत इंजिन केबिनमध्येच, दोन आसनांच्या मधोमध झाकणाखाली असते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, ते रात्रभर मुरू द्यावे आणि मग स्टार्टरने नव्हे, तर हाताने क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) हळूहळू फिरवून पाहावा; चिकटलेल्या पिस्टन रिंगा जोर लावल्यास मोडू शकतात. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधील (चाकापाशी ब्रेक दाबणाऱ्या नळकांड्यातील) रबर मात्र, वरून सारे ठीक वाटले तरी, गाडी अंगणाबाहेर काढण्यापूर्वीच बदलावेत.