हेडचे बोल्ट : तेल लावून आवळावेत की कोरडे?

प्रश्न : पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना आमचे आउटबोर्ड इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडले. महिन्याभरातच हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये पाणी शिरू लागले. मिस्त्रींनी बोल्ट आणखी आवळले, तेव्हा त्यांतला एक तुटला. ते सर्व बोल्टांना तेल लावून हाताच्या अंदाजाने आवळतात. माझा भाऊ म्हणतो, टॉर्क रेंच वापरावा आणि बोल्ट कोरडेच ठेवावेत. बरोबर काय?
– एक वाचक, दिवाळे, नवी मुंबई

उत्तर : टॉर्क रेंचबद्दल आपल्या बंधूंचे म्हणणे योग्य आहे. तेलाचा निर्णय मात्र त्यांनी किंवा मिस्त्रींनी करायचा नसून तो त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलवर सोपवायला हवा.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच हेड (सिलिंडरवरचे झाकण) व ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) मधल्या गॅस्केटला दाबून धरतात. टॉर्क रेंच हा ताण मोजत नाही; बोल्ट फिरवायला किती जोर लागतो एवढेच तो सांगतो. सर्वसाधारण बोल्टमध्ये त्या जोरापैकी जवळपास निम्मा डोक्याखालच्या आणि सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. ताणासाठी जेमतेम १० टक्के उरतो. त्यामुळे मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असताना तेल लावले तर रेंच तोच आकडा दाखवतो, पण बोल्ट गरजेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. उलट, आकडा तेल लावलेल्या आट्यांसाठी असेल आणि आटे कोरडे किंवा गंजलेले असतील, तर गॅस्केटवर पुरेसा दाबच येत नाही.

मिस्त्रींचा हात कितीही बसलेला असला, तरी घर्षण आणि ताण यांतला फरक हाताला कळत नाही, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात हे अधिकच खरे आहे. काढलेला बोल्ट उजेडात धरून पाहा. आट्यांच्या खाचांत पांढरी भुकटी साचलेली दिसली, तर तो ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचा गंज असतो. अशा आट्यांत बोल्ट लवकर जड होतो, तो आवळला गेला असे वाटते, आणि प्रत्यक्षात हेड सैलच राहते. म्हणून बोल्ट तारेच्या ब्रशने आणि ब्लॉकमधली छिद्रे योग्य मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) हलक्या हाताने साफ करावीत, मग छिद्रांत हवा मारावी. तळ बंद असलेल्या छिद्रात तेल किंवा पाणी साचून राहिले, तर बोल्ट त्यावर दाब देतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. मॅन्युअलमध्ये तेल सांगितले असेल तरी ते बोटाने पातळसे लावावे.

मॅन्युअलमध्ये क्रम दिलेला असेल तर तोच पाळावा. नसेल तर मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आलटून पालटून बाहेर जावे. पूर्ण जोर एकदम न देता दोन-तीन टप्प्यांत द्यावा. रेंच संथपणे ओढावा आणि 'टक्' झाले की थांबावे. एककाची चूक फार महागात पडते : १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर, तर १ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १.३६ न्यूटन-मीटर.

गळणारे गॅस्केट बोल्ट आणखी आवळून बंद करणे मला मान्य नाही. एकदा दबलेल्या आणि पाणी शिरलेल्या गॅस्केटचा भरवसा धरता येत नाही, आणि त्या जादा आवळण्यात उरलेले बोल्टही ताणले गेले असण्याची शक्यता आहे. त्यामुळे नवे गॅस्केट घ्याच, आणि एक बोल्ट तुटला असला तरी हेडचे सगळे बोल्ट बदला. हेड बसवण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) सपाटपणा तपासा. इंजिन कधी तापले असेल आणि हेड वाकले असेल, तर अचूक टॉर्क देऊनही पाणी शिरतच राहील.

तुटलेल्या बोल्टचा तुकडा ब्लॉकमध्ये असेल तर तो छिन्नीने ठोकून काढू नका. ॲल्युमिनियमचे आटे लगेच जातात. तुर्भे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत चांगल्या मशीन शॉपमध्ये तो बरोबर मध्यावर ड्रिल करून काढून घ्या. आटे खराब झालेच, तर तिथे स्टीलचे हेलिकॉइल (नवे आटे देणारे तारेचे वेटोळे) बसवून घेता येते.