हायड्रोजन मोजलात, ऑक्सिजनचं काय?

प्रश्न : रंगीत प्लास्टिकची भुकटी पाण्यात घालून उन्हात ठेवली, की हायड्रोजन निघतो असं वाचलं. प्लास्टिक तर वीज अडवतं ना? आणि सौरपॅनलच्या विजेने पाणी फोडता येत असताना हा खटाटोप कशासाठी?
— एक विज्ञानशिक्षिका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. आजच्या घडीला पॅनल आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी फोडणारं यंत्र) ही जोडीच पुढे आहे. मी उमेदीची वर्षं पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब साखळ्यांच्या पदार्थांमध्ये घालवली, तरी हे कबूल करायला हवं.

वीज अडवतं ते नेहमीचं प्लास्टिक. ज्या साखळीत कार्बनचे एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात, तिथे इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले राहत नाहीत. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी पॉलिॲसिटिलीन या अशाच साखळीच्या पॉलिमरला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता लाखो पटींनी वाढली. 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. अशाच साखळ्या दृश्य प्रकाशही शोषतात, म्हणून त्या रंगीत दिसतात. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून प्रकाशाने पाणी फोडून दाखवलं होतं. पण तो पदार्थ फक्त अतिनील किरण घेतो आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के असतात. पॉलिमरची साखळी मात्र बदलता येते; कुठला रंग शोषायचा ते रसायनतज्ज्ञ ठरवतो. मोह आहे तो याचाच.

आता खरी मेख. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडतो, मागे त्याची रिकामी, धन प्रभाराची जागा म्हणजे 'होल' उरतो. दोघं एकमेकांना धरूनच असतात आणि साधारण दहा नॅनोमीटर सरकेपर्यंत वेगळे झाले नाहीत, तर पुन्हा एक होतात. सगळी मेहनत उष्णतेत जाते. वेगळे झालेच, तर इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवतो. (पॉलिमर बनवताना वापरलेल्या पॅलेडियमचे अंश त्यात राहून गेलेले असतात आणि कितीदा तरी उत्प्रेरकाचं काम तेच उरकतात. श्रेय जातं पॉलिमरला!) होलने मात्र पाण्यापासून ऑक्सिजन काढायचा असतो. ऑक्सिजनच्या एका रेणूसाठी पाण्याकडून चार इलेक्ट्रॉन ओढून घ्यावे लागतात. तिथे गाडी अडते.

म्हणून प्रयोगात ट्रायइथिलअमाइन किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल घालतात. होलला त्यातून इलेक्ट्रॉनचं आयतं खाद्य मिळतं. ट्रायइथिलअमाइनचा सडक्या मासळीसारखा वास मला अजून आठवतो. प्रयोगशाळेत बुडबुडे दिसण्याआधी तो वास यायचा. हायड्रोजन निघतो हे खोटं नाही, पण त्यासाठी दुसरं रसायन संपत असतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक या प्रमाणात मोजले असतील, तरच पाणी फुटलं म्हणावं. तुम्ही पाठवलेल्या कात्रणात ऑक्सिजनचा उल्लेख नाही.

टिकाऊपणाचं दुखणं वेगळंच. ऊन, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की या साखळ्या विरतात, रंग उडतो. त्यावर उपाय म्हणून पॉलिमरच्या पातळ थरावर काही जण टायटॅनियम डायऑक्साइडचाच लेप देतात : त्यातून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि पाणी पॉलिमरपासून बरंचसं दूर राहतं.