लेबलवरचं ‘असत’

“मॅडम, मुलांसमोर उभी राहिले की माझी वाचाच बसते. हे सगळं सोडून बँकेच्या परीक्षा देऊ का?”

इंटर्नशिपच्या दिवसांत असा प्रश्न घेऊन बरीच मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. त्यांच्यासाठी सुनंदाची हकिगत लिहिते आहे. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुनंदा एम.ए.ला मानवशास्त्र शिकत होती. एका संग्रहालयात दोन महिन्यांची इंटर्नशिप. शाळांच्या सहली आल्या की आदिवासी दालन दाखवायचं. पहिला आठवडा बरा गेला. मग तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या कपाटापाशी आलं की घसा कोरडा, हात गार, पाठ केलेलं सगळं गायब.

मी आधी ती सभाभीतीच समजले. श्वासाचे व्यायाम दिले, तिनं ते मन लावून केले, फरक काही पडला नाही. तिसऱ्या भेटीत माझ्या लक्षात आलं की दागिन्यांपाशी, मातीच्या भांड्यांपाशी ती छान बोलत होती. भीती गर्दीची असती तर ती दालनभर तिच्या मागे फिरली असती. म्हटलं, “आवाज गेला तेवढाच क्षण लिहून आण. आधी कोण काय बोललं, तू काय बोललीस.”

तिनं अर्धं पान लिहून आणलं. सहावीतल्या एका मुलानं विचारलं होतं, “ताई, हे लोक अजून जंगलातच राहतात का?” सोबतच्या बाई हसल्या होत्या. सुनंदा “हो, काही काही” म्हणाली आणि पुढच्या कपाटाकडे वळली. त्याखाली एकच ओळ होती: ‘मी वारली आहे, हे तिथं कुणालाच माहीत नाही.’

ते वाचून दाखवताना ती रडली. मुलाच्या प्रश्नापेक्षा स्वतःचं उत्तर तिला जास्त लागलं होतं.

मी विचारलं, “तारपा करतात कसा गं?” आणि वाचा बसलेली ही मुलगी वीस मिनिटं बोलत राहिली. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. काका वाजवतात तेव्हा त्यांचे गाल कसे फुगतात, नाचणारे त्यांच्याभोवती कसे फिरतात. “आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही, मॅडम.” बोलताना तिचे हात कर्ण्याचा आकार दाखवत होते.

आपली जमात मुलांना सांगायची की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं. चांगल्या हेतूनं का होईना, त्यात आपण ढकलाढकली करू नये, असं मला ठामपणे वाटतं. ठरला तो फक्त क्रम. आधी मुलांना विचारायचं, हे कशाकशाचं बनवलंय ते ओळखा, माहिती नंतर. सहलीबरोबरच्या शिक्षकांशी आधीच दोन शब्द बोलायचे. दालनाच्या प्रमुखांनाही तिनं घडलेलं सांगितलं, आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

नोकरीचं मी तिला खरं तेच सांगितलं. संग्रहालयांत शिक्षण विभागाच्या जागा थोड्याच असतात. पण काम आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय २०१५पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून शाळांपर्यंत, गावांपर्यंत जातं. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं स्वतःचं संग्रहालय आहे. बँकेची परीक्षा द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, फक्त सहावीतल्या त्या एका प्रश्नाला घाबरून देऊ नये.

पुढच्या भेटीत ती वेगळंच घेऊन आली. कपाटातल्या लेबलाचा फोटो. ‘वारली लोक हे वाद्य वाजवीत असत.’ “असत म्हणजे काय, मॅडम? नवं भात आलं की काका वाजवतातच ना!” ‘वाजवतात’ असा बदल करावा म्हणून तिनं अर्ज दिला होता.

इंटर्नशिप संपेपर्यंत लेबल बदललं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ती मुलांना ते मोठ्यानं वाचायला लावायची, ‘असत’पाशी थांबवायची आणि मोबाइलवर काकांचा गेल्या दिवाळीतला तारपा ऐकवायची.